साठच्या जागी एकशे वीस

मीटरवर एकशे वीस आकडा आला तेव्हा मी आधी मीटरवर संशय घेतला. मग मीटरच्या सेलवर घेतला, मग त्याच्या वायरींवर. स्वतःवर संशय घ्यायची मला त्या वयात सवयच नव्हती.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. नाशिकच्या एका डीलरकडे मी सर्व्हिस इंजिनियर होतो. हा डीलर खोदाईची मोठी मशिनं विकायचा. कंपनी कुठलीही असो, आमच्याकडे त्या मशीनला पोकलेनच म्हणतात. जुन्या पोकलेनमध्ये बिघाड झाला की ऐकू यायचा. काहीतरी खडखडायचं, गळायचं, धूर यायचा, आणि मेकॅनिक पाना घेऊन घुसायचा. नव्या मशिनांत कंट्रोलर आले आणि आमचं तंत्रच बदललं. इंजिनचा एक कंट्रोलर, पंपाचा दुसरा, आणि केबिनमधली स्क्रीन ही तिसरी. दोन बारीक तारा, एक पिवळी आणि एक हिरवी, एकमेकींभोवती पिळलेल्या. त्या तारांवरून हे तिघं दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. बोलणं तुटलं तर मशीन मरत नाही, रुसतं. इंजिनाचा जोर एकदम उतरतो, स्क्रीनवर कोड येतो, आणि वीस टनांचं ते धूड बकेट हवेत धरून नुसतं घुरघुरत उभं राहतं.

असा रुसवा काढण्यासाठी मला लॅपटॉप दिला होता. त्या भागात तेव्हा लॅपटॉप घेऊन एसटीत बसणारा मी एकटाच असेन, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो. त्र्यंबकच्या घाटात शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "बीपीचं मशीन का?" तर मी त्याला मोखाडा येईपर्यंत समजावायच्या तयारीत होतो. तो मोखाड्याच्या आधीच उतरला. त्याचं गाव पुढे होतं, असा मला दाट संशय आहे.

काम सूर्यमाळच्या खालच्या अंगाला होतं. जव्हारचे एक शेठ तिथे पाझर तलाव खोदत होते. एप्रिल चालू होता, आणि पावसाआधी तलाव पुरा व्हायला हवा होता. त्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी कुठून आणि कसं आणतात हे मला माहीत नव्हतं. मी फक्त मशीन बघायला आलो होतो. ऑपरेटर तिथल्याच पाड्यावरचा, तिशीतला, अंगाने सडसडीत. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या काळात या भागातल्या मशिनांवर ऑपरेटर बाहेरचे असायचे, बिहारचे, झारखंडचे. इथला माणूस मशीनच्या पुढे घमेलं घेऊन असायचा, सीटवर नाही. हा ठाण्याकडे मजुरीला गेला, तिथे मशीन पुसता पुसता शिकला आणि परत आला. शेठनी त्याला सीट दिली होती, पण अजून पक्की नाही. "हंगामभर बघू," असं.

पहिल्या फेरीत मी केबिनमध्ये चढलो, उन्हाने स्क्रीन दिसेना म्हणून डोक्यावरून टॉवेल घेतला आणि लॅपटॉप जोडला. इंजिनचा कंट्रोलर म्हणत होता, पंप उत्तर देत नाही. पंपाचा म्हणत होता, इंजिन उत्तर देत नाही. दोन जावांचं भांडण ऐकावं तसं मी ते वाचत होतो आणि टॉवेलखाली घामाने निथळत होतो.

ऑपरेटरने खालून एक वही पुढे केली. "साहेब, कवा कवा बंद पडला ते मी लिवून ठेवलंय."

"ठेव, नंतर बघतो," मी म्हणालो. पुढच्या तीन दिवसांत हे नंतर आलं नाही.

खरं तर त्या दिवशी त्या पिवळ्या-हिरव्या तारांवर मीटर लावायचा होता. पण मीटरचा सेल उतरला होता आणि दुसरा मी आणला नव्हता. हे कबूल करण्याऐवजी मी केबिनभर नजर फिरवली आणि मला गुन्हेगार सापडला. छताला एक छोटा पंखा होता. केबिनचा एसी महिनाभर बंद, म्हणून ऑपरेटरने बाजारातून आणून लावलेला. त्याच्या वायरी सीटमागून घेतल्या होत्या आणि जोडाला चक्क जखमेवर लावायची चिकटपट्टी होती.

मी खाली उतरलो आणि शेठना, ऑपरेटर तिथेच उभा असताना, म्हणालो, "तुमच्या माणसाने वायरिंगला हात लावलाय. असल्या पंख्याने कम्युनिकेशन बिघडतं. पंखा काढा, मशीन चालेल."

शेठ पानाची पिंक टाकून म्हणाले, "परत बंद नाही ना पडणार?"

"माणूस सुधारला तर नाही पडणार."

हे वाक्य मी का बोललो ते आजही मला कळत नाही. बहुधा ते ऐकायला छान वाटलं म्हणून. ऑपरेटर केबिनमध्ये चढला. त्याने पंखा काढला, चिकटपट्टी गुंडाळून खिशात घातली. मशीन सुरू केलं, आणि ते दिवसभर सुरळीत चाललं. तो दिवस नुसता नशिबाचा होता, हे मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी मात्र मी एसटीत खिडकीशी बसून स्वतःवरच खूश होतो.

तिसऱ्या दिवशी शेठचा ऑफिसला फोन आला. "मशीन परत बसलं. मी दुसरा ऑपरेटर बोलावलाय, उद्या पोचेल. तुम्ही पण या, दोघं मिळून बघा."

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर मशीनच्या लोखंडी साखळीपट्ट्यावर एक अनोळखी माणूस बॅग मांडीवर घेऊन चहा पीत होता. हा नवा. आणि मशीनपासून जरा लांब, एका दगडावर, जुना ऑपरेटर बसलेला. शेजारी गोणीत त्याचं सामान, चादर, डबा, पाण्याची बाटली. केबिन रिकामी करून ठेवली होती. नव्याला मशीन समजावून द्यायचं म्हणून शेठनी त्याला दुपारपर्यंत थांबवलं होतं, आणि तो थांबला होता.

मी नजर चुकवून केबिनमध्ये चढलो. या वेळी मीटरला नवे सेल होते. मशीनचा मेन स्विच बंद केला आणि पिवळ्या-हिरव्या तारांमधला रोध मोजला. तारांच्या दोन्ही टोकांना एकेक छोटा रोधक लागतो, एकशे वीस ओहमचा, म्हणजे तारांवरचं बोलणं टोकाला आपटून परत फिरत नाही, गोंधळ होत नाही. दोन्ही समांतर जोडलेले, म्हणून जागच्या जागी असले की मीटरवर निम्मे, साठ दिसायला हवेत.

एकशे वीस.

म्हणजे एका टोकाचा रोधक गायब होता, आणि या प्रकाराचा पंख्याशी काडीचाही संबंध नव्हता. एका रोधकावरही मशीन काही महिने कसंबसं चालतं, मग ऊन आणि धक्के वाढले की रुसायला लागतं.

मी वही मागितली. आता मागितली. पहिल्याच पानावर, सुबक अक्षरात, प्रत्येक वेळची नोंद होती. दुपारी, दगडात, बकेट वर असताना. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन शब्द, "पंखा बंद" किंवा "पंखा चालू". त्यानेही पंख्यावर संशय घेतला होता. त्याने तो तपासला होता आणि सोडून दिला होता. मी पहिल्या दिवशी ही वही उघडली असती तर... मी वही मिटली. माझे कान गरम झाले होते, आणि तो दोष एप्रिलचा नव्हता.

एका टोकाचा रोधक इंजिनाजवळ असतो, तो होता. दुसऱ्याची जागा सीटमागे. झाकण काढलं. तीन भोकांचं एक सॉकेट रिकामं, आत लाल धूळ भरलेली.

"इकडे ये जरा," मी ऑपरेटरला हाक मारली. "इथे एक बोटाएवढा प्लग असतो. निळ्या टोपीचा, पाठीमागे वायर नसलेला. तो कुठाय?"

तो पायरीवर चढून आला, सॉकेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमीच काढला व्हता, साहेब."

"मी?"

"मशीनच्या पूजेच्या दिशी."

मी परत त्या रिकाम्या सॉकेटकडे बघितलं. आणि मग एकेक करून सगळं दिसायला लागलं, अगदी नको इतकं स्पष्ट. चार महिन्यांपूर्वी मशीन ट्रेलरवरून उतरलं होतं. बकेटला झेंडूचा हार, हळदीकुंकू, शेठनी दातांवर नारळ फोडला होता. दात म्हणजे बकेटचे. मला पण टोपी आणि उपरणं मिळालं होतं, आणि त्या टोपीत मी सीटमागे वाकून लॅपटॉप जोडत होतो. शेजारच्या सॉकेटमधला एक प्लग हाताला अडत होता. उपटून बघितला तर मागे वायरच नाही. वायर नाही म्हणजे काम नाही, असा माझा हिशेब. ट्रेलरवर धूळ जाऊ नये म्हणून लावलेलं टोपण असणार.

कंपनीच्या प्रशिक्षणात रोधकाचा धडा एका दुपारी झाला होता. त्या दिवशी जेवणात श्रीखंड होतं. धडा सुरू झाल्याचं मला आठवतं.

आणि पुढचं तर त्याहून वाईट. खाली उतरलो तेव्हा शेठ खोबरं-साखर वाटत होते. ऑपरेटरने माझ्यासमोर हात पुढे केला, आणि मी त्याच्या तळहातावर साखरेशेजारी तो प्लग ठेवला. "हा घे कंपनीचा प्रसाद," मी म्हणालो. सगळे हसले होते. मीच जास्त हसलो होतो.

"फेकलास?" मी विचारलं.

"नाय. मशीनची वस्तू, फेकायची कशी? घरी हाय."

घर खालच्या पाड्यावर, अर्ध्या तासाची उतरण, जीप जात नाही. मी शेठना म्हणालो, "एक पार्ट आणतो," आणि त्याच्या मागे निघालो. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. मला वाटत होतं, त्याने शिव्या द्याव्यात. तो फक्त वाटेतले काटे पायाने बाजूला करत होता, माझ्यासाठी, कारण मी ऑफिसचे बूट घातले होते.

त्याची आई दारात नाचणी पाखडत होती, आत बायको गाठोडी बांधत होती. त्याने त्यांच्या बोलीत तिला काहीतरी सांगितलं. तिने मला आधी पाणी दिलं. मी गटागट प्यायलो आणि दुसरा तांब्या मागितला. तेव्हा त्याने क्षणभर आईकडे बघितलं, आणि आईने उठून आतल्या हंड्यात तांब्या बुडवला तसा खरवडल्यासारखा आवाज झाला. हंड्याचा तळ होता तो. तांब्या माझ्या हातात आला तेव्हा पिऊ की परत देऊ हे मला ठरवता येईना. शेवटी प्यायलो. परत दिला असता तर जास्त वाईट दिसलं असतं.

"मी पत्र्याच्या पेटीत ठिवला व्हता," ऑपरेटर म्हणाला. "आईनं विचारलं ह्ये काय, तर मी सांगितलं, पूजेत साहेबांनी दिला. मंग तिनं देवाकडं नेला."

म्हातारीने आतून एक टोपली आणली. बियाण्याच्या पुरचुंड्या, सुपारी, एक जुनं नाणं, आणि त्यांच्यामध्ये माझा निळ्या टोपीचा प्लग, पिनांपर्यंत कुंकू माखलेला. चार महिने त्याची पूजा होत होती. मी हसणार होतो, पण हसू फुटेना. मी चेष्टेत दिलेली वस्तू या घरात माझ्या नोकरीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा नीट सांभाळली गेली होती.

"न्यायला आलां का?" म्हातारी म्हणाली. "मंग आधी देवाला सांगा."

मी बूट काढले, हात जोडले. काय सांगितलं ते देवाला ठाऊक.

वर चढताना मी त्याला म्हणालो, "शेठना मी व्यवस्थित सांगतो. तुझं नाव येऊ देत नाही."

"काय सांगाल?"

"सांगतो, पार्ट ढिला होऊन पडला होता."

त्यावर तो काही बोलला नाही. मी याला होकार समजलो. चार दिवस मी त्याच्या गप्प बसण्याचा प्रत्येक वेळी सोयीचा अर्थ लावत होतो.

पेट्रोल आणि दात घासायच्या ब्रशने प्लग धुतला. लाल पाणी माझ्या बोटांवरून ओघळलं. सॉकेट साफ करून प्लग बसवला, मीटर लावला. साठ. मशीन सुरू केलं, स्क्रीनवरचा कोड गेला. जुन्या ऑपरेटरला मी बसायला सांगितलं. त्याने दगडात बकेट घातली, वर उचलली, परत घातली, अर्धा तास. एकदाही जोर तुटला नाही.

शेठ खूश झाले. "काय होतं?"

"काही नाही, एक छोटा पार्ट. धक्क्यांनी ढिला होऊन पडला होता. सापडला."

"कुठे सापडला?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं.

"अहो, तुम्ही त्याच्याबरोबर पाड्यावर जाऊन आलात," शेठ म्हणाले. "तिथे सापडला? मशीनचा पार्ट ह्याच्या घरी?"

"हो, म्हणजे..."

शेठ हळूच ऑपरेटरकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "आधी पंखा. आणि आता पार्ट घरी. मी तुला सीट दिली, तू मशीन सुटं करून घरी न्यायला लागलास?"

मी त्याला वाचवायला निघालो होतो आणि दोन वाक्यांत त्याला चोर केलं होतं. ऑपरेटर मशीनच्या पायरीवर उभा होता. शेठकडे बघतच नव्हता तो. माझ्याकडे बघत होता, अगदी शांत, बस कधी सुटते ते बघावं तसा.

"शेठ," मी म्हणालो, "पार्ट मी काढला."

"काय?"

मग मी सगळं सांगितलं. टोपी, सॉकेट, वायर नसलेला प्लग, कंपनीचा प्रसाद. श्रीखंडसुद्धा सांगितलं, काही गरज नसताना. मध्ये कुठेतरी थांबावं असं वाटत होतं, पण थांबलो असतो तर परत खोटं बोललो असतो. नवा ऑपरेटर चहाचा ग्लास तसाच हातात धरून ऐकत होता.

शेठनी तोंडातलं पान थुंकलं. मग ऑपरेटरला म्हणाले, "तू का नाही बोललास रे? हा माणूस तुझ्यासमोर तुझ्यावर ढकलत होता."

"बोललो व्हतो," तो म्हणाला. "पूजेच्या दिशीच. साहेब, ह्याला पिना हायत, पॅकिंगला पिना कशाला, असं इचारलं. साहेब बोलले, मशीन मला शिकवतोस का?"

हे मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. चार महिने हे वाक्य त्याच्याजवळ होतं आणि माझ्याजवळ त्याचा मागमूसही नव्हता. शेठ माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, तशी नजर मी फक्त माझ्या वडिलांची पाहिली होती, तीही बारावीच्या निकालाला.

"बरं," शेठ ऑपरेटरला म्हणाले. "गोणी चढव वर. सीट तुझी. पक्की. बस."

तो पायरीवरून खाली उतरला. "आज नाय बसत शेठ."

आता शेठचाही चेहरा बघण्यासारखा झाला. "का?"

"काल वीटभट्टीच्या मुकादमाला सांगितलं, का आमी दोघं भट्टीवर कामाला येतो म्हणून. भिवंडीकडं. बायको सामान बांधून बसलीय. ट्रक आज संध्याकाळी निघतो. त्येला जाऊन नाय सांगायला पायजे. उद्या सकाळी येतो."

त्याने गोणी उचलली आणि उतरणीला लागला. कुणीच त्याला थांबवलं नाही. मी विचार केला होता, फार तर त्याची सीट जाईल. त्याच्याबरोबर त्याचं घर भट्टीवर जायला निघालं होतं आणि फक्त एका दुपारचा अवधी उरला होता.

शेठनी नव्या ऑपरेटरला विचारलं, "आज के दिन तू चलायेगा?"

तो ग्लास ठेवून माझ्याकडे बघत म्हणाला, "चला लूँगा सेठ. पहले इंजिनियर साब से पूछ लो, इस मशीन का और क्या-क्या किसके घर में रखा है."

शेठ पहिल्यांदा हसले. मग "सीट एकदा दिली ती दिली" म्हणत त्याला त्यांनी साखरशेतच्या आपल्या दुसऱ्या कामावर पाठवून दिलं, जीपनेच. मला मात्र जीप मिळाली नाही.

"तुमच्या रिपोर्टवर ऑपरेटरची सही लागते ना?" शेठ म्हणाले. "मग ऑपरेटर येईपर्यंत थांबा. आणि रिपोर्ट मराठीत लिहा. त्याला वाचता आला पाहिजे."

ते पूर्ण दुपारभर मशीन एकदम ठणठणीत अवस्थेत बंद उभं होतं. मी त्याच्या सावलीत बसून रिपोर्ट लिहिला. "बिघाडाचं कारण" या रकान्यात तीनदा खाडाखोड झाली, कारण मी दर वेळी "प्लग निघालेला आढळला" असं लिहून जात होतो. निघालेला आढळला म्हणजे जणू तो आपल्या पायांनी गेला. शेठ वाचायचे आणि कागद परत करायचे. चौथ्यांदा मी लिहिलं, "प्लग सर्व्हिस इंजिनियरने काढला. ऑपरेटरने सांभाळून ठेवला." शेठनी सही केली.

सकाळी आठला तो आला. कालचीच गोणी खांद्यावर होती. मी कागद पुढे केला. त्याने गोणी खाली ठेवली आणि वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत, एकेक शब्द. मला वाटलं दोन ओळी वाचून सही करेल. त्याने वरचा मशीनचा नंबरसुद्धा वाचला. मी तिथे उभा राहून घाम पुसत होतो, आणि ऊन अजून तापायचं होतं.

शेवटी त्याने सही केली, पेन मला परत दिलं, गोणी वर टाकली आणि सीटवर जाऊन बसला. इंजिन सुरू झालं. त्याने दारातून डोकं बाहेर काढलं.

"बाजूला व्हा साहेब. मशीन फिरवायचं हाय."